बोलताना थांबणारं पाऊल
(वय समजून घेताना : लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण तोल पाहिला. डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय मिळून शरीराला उभं कसं धरतात, हे समजून घेतलं. आज त्यापुढचं पाऊल : मेंदू माणसाला चालवतो कसा, आणि वयानुसार त्यात काय बदलतं?

जांभूळ गावच्या रस्त्यावर सकाळी एखादे आबा भेटतात. आपण चालता चालताच विचारतो, "आबा, चहा झाला का?" आबा थांबतात, "झाला रे" म्हणतात आणि मगच पुढचं पाऊल उचलतात. आपल्याला वाटतं, दम लागला असेल. पुष्कळदा कारण पायांत किंवा छातीत नसतं, डोक्यात असतं.

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हीच साधी गोष्ट तपासली. वृद्धनिवासातल्या ५८ जणांशी त्यांनी चालता चालता गप्पा काढल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले.

असं का व्हावं? तरुणपणी चालण्याचा ठेका मज्जारज्जू, लहान मेंदू आणि मेंदूच्या खोल गाभ्यातली केंद्रं आपसूक सांभाळतात. म्हणून तर डोक्यावर हंडा घेऊन बायका गप्पा मारत घरी येतात. कपाळामागचा विचार करणारा भाग त्या वेळी बोलायला मोकळा असतो. वय वाढतं तसे तळपायांकडून येणारे संदेश मंदावतात. मेंदूच्या भागांना जोडणारे तंतू झिजतात. रक्तदाब आणि मधुमेह काबूत नसतील तर जास्तच. मग आपसूक होणारं काम लक्ष देऊन करावं लागतं आणि कपाळामागचा भाग मदतीला धावतो. कपाळावर पट्टा बांधून, अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने तिथल्या रक्तातला ऑक्सिजन चालतानाही मोजता येतो. चालता चालता बोलायला सांगितलं की या भागाचं काम वाढलेलं त्यात दिसतं. ही मदत पुरते तोवर ठीक. ती अपुरी पडली की एक काम थांबवावं लागतं. आबा चालणं थांबवतात, हे त्यांच्या मेंदूचं शहाणपण आहे.

आता अंबरनाथचं शिवमंदिर डोळ्यांपुढे आणा. शके ९८२ मधलं, म्हणजे इ. स. १०६० चं हे देऊळ. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. बाहेरच्या उन्हातून आत अंधारात आल्यावर डोळ्यांची मदत कमी होते, पायाखालचा दगड घासून गुळगुळीत झालेला असतो. आजींचं सगळं लक्ष त्या पायरीवर असतं. नेमकं तेव्हाच मागून कोणी हाक मारतं, "आजी, जपून! इकडे बघा!" सावध करण्यासाठी मारलेली हाकच त्यांचं लक्ष पायरीवरून काढून घेते. हात द्यावा, आणि शेवटची पायरी उतरेपर्यंत गप्प राहावं.

चालण्याचा वेग म्हणजे हृदय, फुप्फुसं, स्नायू आणि मेंदू यांचा एकत्रित हिशेब. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ज्येष्ठांची मोठी पाहणी केली, तेव्हा चार मीटर चालण्याचा वेळही घेतला. हे घरीही जमतं. नेहमीच्या चालीने चार मीटरला पाच सेकंदांहून जास्त लागत असतील, तर डॉक्टरांशी बोलावं. चाल अचानक बदलली तर मात्र एक दिवसही थांबू नये.

झीज होते, तशी भरही पडते. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठ होते. त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत चालायला लावलं. वर्षभराने त्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग सुमारे दोन टक्के वाढला होता. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तोच भाग आक्रसला होता.

म्हणून घरातल्या मोठ्यांना चालू द्या, आणि या आठवड्यात एकदा तरी त्यांच्याबरोबर चाला. उत्तर द्यायला ते थांबले, तर आपणही थांबायचं.

(पुढील लेखांकात : उतारवयातली झोप)