सांचीचा स्तूप कसा पाहावा?

सांचीची सहल करून आलेल्या मुलांस 'तेथे काय पाहिले?' असे विचारले, तर 'मोठा दगडी घुमट' हे उत्तर हमखास मिळते. हे उत्तर बरोबर नाही. घुमट आतून पोकळ असतो. स्तूप आतून भरीव असतो व त्याच्या आत कोणासही जाता येत नाही. परंतु दोष मुलांचा नव्हे. टेकडी चढावयाची, तोरणापुढे उभे राहून छायाचित्र काढावयाचे आणि गाडीची वेळ झाली म्हणून खाली उतरावयाचे, असा क्रम ठेवल्यास मुलांच्या हाती दुसरे काय लागणार?

सांची हे गाव मध्य प्रदेशात रायसेन जिल्ह्यात, भोपाळच्या ईशान्येस सुमारे ४६ किलोमीटरवर आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांस भुसावळ, इटारसी, भोपाळ हा लोहमार्ग सोयीचा पडतो. सांची स्टेशन टेकडीच्या पायथ्याशीच आहे व टेकडीची उंची सुमारे ९० मीटर आहे. गौतम बुद्ध स्वतः येथे आल्याचा आधार मिळत नाही. तरीही हे तीर्थ झाले, याचे कारण जवळच्या विदिशा नगरीत शोधावे. ही त्या काळची भरभराटीची व्यापारी पेठ होती. अशोकाची पत्नी देवी ही विदिशेचीच, व तिचा पुत्र महेंद्र सिंहलद्वीपास जाण्यापूर्वी येथील विहारात राहून गेला, असे सिंहली ग्रंथ सांगतात. पेठ जवळ म्हणून दानाची सोय आणि उंचवटा म्हणून एकांत, असा दुहेरी लाभ भिक्षूंस या टेकडीवर होता.

मुख्य स्तूप मुळात अशोकाच्या काळी, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, विटांचा बांधला गेला. पुढच्या शतकात त्यावर दगडांचे आवरण चढवून तो जवळजवळ दुप्पट मोठा करण्यात आला. त्याचा व्यास सुमारे ३६.५ मीटर व उंची सुमारे १६.५ मीटर आहे. मुलांनी प्रथम उजवी बाजू स्तूपाकडे ठेवून एक प्रदक्षिणा घालावी. यात्रेकरूंची चालण्याची रीत तीच होती.

प्रदक्षिणा घालताना लक्ष द्यावयाचे ते तोरणांकडे नव्हे, तर भोवतालच्या साध्या दगडी कठड्याकडे. त्यावर नक्षी जवळजवळ नाही, म्हणून सहसा कोणी तेथे थांबत नाही. पण त्याचे खांब आणि आडव्या पट्ट्या नीट पाहाव्यात. सुताराने लाकडात सांधा करावा तसा दगडात केला आहे. लाकडाचे कुंपण बांधण्याची सवय असलेल्या हातांनी दगड हाताळला, हे त्यावरून उघड होते. आणि याच कठड्यावर ठिकठिकाणी ब्राह्मी लिपीतील लहान लहान लेख कोरलेले आहेत. कोणा भिक्षुणीने एक पट्टी दिली, कोणा व्यापाऱ्याने खांब दिला, कोणी उज्जयिनीहून आलेल्या स्त्रीने दान केले, एवढाच त्यांतील मजकूर. आपल्या गावच्या देवळाच्या पायरीवर किंवा शाळेच्या पंख्यावर देणगीदाराचे नाव असते, तसाच हा प्रकार होय. एवढे मोठे काम एका राजाच्या खजिन्यातून झाले नाही. ते शेकडो लहान दानांतून उभे राहिले.

या लहान लेखांनी एक मोठे काम केले. १८३७ पूर्वी ब्राह्मी लिपी कोणासही वाचता येत नव्हती. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याच्याकडे सांचीच्या लेखांचे ठसे आले, तेव्हा बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. देवस्थानात लोक नावे कोरतात ती दान दिल्यावर. तेव्हा तो शब्द 'दानं' असावा, असे त्याने अनुमान केले. त्यामुळे 'द' आणि 'न' ही अक्षरे कळली. त्याआधी वारंवार येणारे अक्षर 'स', म्हणजे 'अमक्याचे' हे दाखविणारे, हेही उमगले. मग उरलेली अक्षरे उलगडत गेली व अशोकाचे लेख बोलू लागले. सहलीस निघण्यापूर्वी शिक्षकाने खुणांच्या बनावट लिपीत पाच-सहा दानलेख फळ्यावर लिहून मुलांकडून हा शोध करवून घ्यावा. चौथीच्या मुलांसही तो जमण्यासारखा आहे.

यानंतर तोरणांकडे वळावे. ती इ. स. पूर्व पहिल्या शतकातील आहेत. दक्षिण तोरणावरील लेखात राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा उल्लेख आहे. सातकर्णी हे नाव पैठणच्या सातवाहन घराण्यातले. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी कोरीव काम केल्याची नोंद आहे. नक्षी इतकी बारीक का, याचा उलगडा तेथे होतो. पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईवर एक घोडा चालला आहे. त्याच्यावर छत्र धरले आहे, पण पाठीवर स्वार नाही. हा गृहत्यागाचा प्रसंग होय. त्या काळी बुद्धाची मूर्ती न कोरता रिकामे आसन, बोधिवृक्ष, चक्र व पावले यांनीच त्याचे अस्तित्व सुचवीत. 'स्वार कोठे आहे?' हा प्रश्न मुलांस विचारावा आणि उत्तराची घाई करू नये.

या दगडांनी पुष्कळ सोसले आहे. अशोकस्तंभाचे तुकडे उसाच्या चरकासाठी झाले. १८२२ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने आत काय आहे हे पाहण्यासाठी स्तूप वरपासून खालपर्यंत फोडला व त्यामुळे पश्चिम तोरण कोसळले. आज दिसते ती घडण मुख्यतः १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी भोपाळ संस्थानच्या साहाय्याने केलेल्या दुरुस्तीची आहे. सारिपुत्त व मोग्गल्लान यांचे अवशेष विलायतेस गेले होते. ते परत येऊन १९५२ पासून टेकडीवरील नव्या विहारात आहेत. येथील दगड हलविणाऱ्यास पाप लागेल, असा इशारा देणारे लेखही तोरणांवर कोरलेले आहेत. ते मुलांस अवश्य सांगावेत.

अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर खडू घासणे किंवा पाणी ओतणे कटाक्षाने टाळावे. त्यासाठी सकाळी लवकर टेकडी चढावी. तिरप्या उन्हात उथळ अक्षरेही उठून दिसतात; डोक्यावरच्या उन्हात ती दिसेनाशी होतात. नोव्हेंबरअखेर अवशेषांच्या दर्शनाचा उत्सव असतो. त्या दिवसांत गर्दी फार असल्याने लहान मुलांची सहल अन्य वेळी न्यावी.