ल्युपस आणि मातृत्व

ल्युपस हा मोठा विपरीत विकार आहे. शरीराच्या रक्षणासाठी निर्माण होणारी प्रतिपिंडे शरीरावरच उलटतात आणि त्यांचा घाला पुष्कळदा मूत्रपिंडांवर पडतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना सूज आली की रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया, आणि त्याही बहुधा ऐन मातृत्वाच्या वयातल्या.

एकेकाळी अशा स्त्रीला गर्भधारणा वर्ज्य सांगत. आज तसे सरसकट सांगणे अन्यायाचे होईल. अमेरिका व कॅनडा येथील ल्युपसग्रस्त स्त्रियांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३८५ पैकी ८१ टक्के गर्भारपणे मोठ्या उपद्रवावाचून पार पडली. मात्र या स्त्रियांचा आजार निवळलेला वा सौम्य होता, आणि सारे मर्म तेथेच आहे. गर्भधारणेपूर्वी विकार किमान सहा महिने शांत असावा, असे तज्ज्ञ सांगतात.

ही सवड आपल्याकडे मिळते कोठे? लग्न जमविताना आजार झाकायचा आणि पुढे वर्षाच्या आत पाळणा हलावा अशी घाई करायची, ही रीत अद्याप सुटलेली नाही. औषधांना तर सवड हवीच. मायकोफेनोलेट हे औषध गर्भाला व्यंग आणू शकते. ते किमान सहा आठवडे आधी थांबवून बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करतात. उलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गर्भारपणातही चालू ठेवायचे असते. “पोटुशीला औषधे कशाला?” म्हणून तेही बंद केले, तर शमलेला विकार उसळण्याची भीती असते.

गर्भारपणात मूत्रपिंडांचे गाळण्याचे काम सुमारे निम्म्याने वाढते, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन उतरते. एरवी निर्दोष वाटणारा आकडा या काळात धोक्याचा असू शकतो. त्याहून बिकट पेच विसाव्या आठवड्यानंतर पडतो. रक्तदाब चढला, लघवीत प्रथिने वाढली. आता हा ल्युपसचा उठाव की गर्भारपणातील विषबाधा, ज्याला डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात? लक्षणे सारखी, उपाय निराळे: पहिल्यात प्रतिकारशक्तीला आवर घालावयाचा, तर दुसऱ्यातून अखेर प्रसूतीच सोडविते. लघवीतील रक्तपेशी आणि रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची घट ही ल्युपसकडे बोट दाखवितात.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दरमहा ९ तारखेला सरकारी आरोग्यसंस्थांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. रक्तदाब आणि लघवी तेथे पाहिली जाते. परंतु गर्भधारणेपूर्वीचे क्रिएटिनिन व प्रथिने किती होती, हे दाखविणारा जुना कागद त्या स्त्रीच्या पिशवीत असला, तरच आजच्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांना नीट लागतो.