समजून घ्या : क्रूझ धक्क्याला लागली आठला, मग साडेदहाचे विमान का नको?

नाशिक : क्रूझचे बुकिंग करताना केबिन, जेवण, मुलांचे तिकीट हे सगळे पारखून घेतले जाते. परतीच्या दिवसाचा हिशेब मात्र अनेकदा एका ओळीत उरकतो : 'जहाज आठला येणार, म्हणजे साडेदहाचे विमान आरामात मिळेल.' आराम सोडा, ते विमान मिळण्याचीच खात्री नसते. वेळापत्रकात छापलेली वेळ जहाजाची असते, प्रवाशाची नाही.

आठला नेमके काय होते?

जहाज धक्क्याला टेकते, एवढेच. त्यानंतर दोर बांधले जातात, उतरण्याची शिडी लागते, बंदरातील यंत्रणांची मंजुरी मिळते आणि मग प्रवाशांना सोडायला सुरुवात होते. तेही सगळ्यांना एकदम नाही. डेकनुसार किंवा बॅगेला लावलेल्या टॅगच्या रंगानुसार गट पुकारले जातात.

मुंबईहून फेऱ्या करणाऱ्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस' जहाजावर ११ डेक आहेत आणि प्रवासी क्षमता १,८०० च्या आसपास आहे. तुलनेसाठी, १६ डब्यांच्या वंदे भारतमध्ये १,१२८ जण बसतात, पण त्या गाडीला प्रत्येक डब्यात दारे असतात. जहाजातून उतरायची वाट एखाद-दुसरीच. त्यात सफर परदेशाहून परतणारी असेल, तर इमिग्रेशन आणि कस्टम्सची रांग वेगळी.

समजा, जहाज आठला लागले. तुमचा गट साडेनऊला उतरला, बॅग हाती येऊन टॅक्सीत बसेपर्यंत सव्वादहा झाले. बॅलार्ड पिअरपासून मुंबई विमानतळाचे टर्मिनल २ साधारण २५ किलोमीटर. गर्दीच्या वेळी रस्त्याने दीड तास धरलेला बरा, म्हणजे पावणेबारा. देशांतर्गत उड्डाणासाठी बॅग देण्याचे काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या एक तास आधी बंद करतात. थोडी मोकळीक ठेवली, तर दुपारी दीडच्या आधीचे तिकीट काढण्यात अर्थ नाही. परदेशी उड्डाण असेल तर संध्याकाळचे. आणि त्या दिवशीचे उड्डाण चुकले तर पुढचे सगळे कोलमडणार असेल, उदाहरणार्थ अमेरिकेला परतणाऱ्या मुलाचे, तर एक रात्र मुंबईत काढणे तिकिटाच्या मानाने स्वस्त पडते.

मुंबईत आता टॅक्सीच करावी लागते का?

नाही, आणि हा बदल अगदी अलीकडचा आहे. बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला १० लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजे अशी त्याची क्षमता सांगितली जाते. त्यानंतर तीनच आठवड्यांत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. टर्मिनलपासून सीएसएमटी दीडेक किलोमीटरवर. तेथून मेट्रोने पाऊण तासाच्या आसपास थेट विमानतळाच्या स्थानकावर उतरता येते, वर ट्रॅफिकची चिंता नाही. संपूर्ण मार्गाचे कमाल भाडे ७० रुपये आहे. टी-१ आणि टी-२ यांची स्थानके वेगळी आहेत, त्यामुळे टर्मिनल तिकिटावर पाहूनच उतरावे. एकेक बॅग असलेल्या दोघांसाठी मेट्रो उत्तम. आजी-आजोबा, दोन मुले आणि सहा बॅगा असतील, तर टॅक्सीला पर्याय नाही.

दुसरा बदल नवी मुंबईचा. तेथील विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. आता 'मुंबई' असे लिहिलेले स्वस्त तिकीट दिसले की कोड बघावाच लागतो : जुन्या विमानतळाचा बीओएम, नव्याचा एनएमआय. क्रूझ टर्मिनलहून नव्या विमानतळावर जायला पूर्व मुक्त मार्गाने शिवडी आणि तेथून अटल सेतू. अंतर ३५ ते ४० किलोमीटर, म्हणजे जास्त. पण वाटेत सिग्नल कमी, त्यामुळे वेळेचा अंदाज बांधणे सोपे.

गोव्यात उतरणाऱ्यांची फसगत कशी होते?

मुंबईहून गोव्यापर्यंत क्रूझ आणि पुढे विमान, असा बेत अनेक जण करतात. जहाज लागते वास्कोजवळ मुरगाव बंदरात. तेथून दाबोळी विमानतळ सहाएक किलोमीटर. पण ५ जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातील मोपा येथूनही उड्डाणे सुरू आहेत, आणि मुरगावहून मोपा ६० किलोमीटरपेक्षा दूर आहे. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. एका अक्षराच्या फरकाने पंधरा मिनिटांचा रस्ता दीड-दोन तासांचा होतो.

गोव्यात ओला-उबरही चालत नाहीत. स्थानिक टॅक्सी किंवा गोवामाइल्स हे ॲप वापरावे लागते, आणि मोपासाठी गाडी आधीच ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

नाशिककरांसाठी गोव्याहून आणखी एक वाट आहे. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस मडगावहून कोकण रेल्वेने येते आणि मुंबईत न शिरता कल्याणमार्गे नाशिकरोडला थांबते. वेळ विमानापेक्षा कितीतरी जास्त लागतो, पण गाडी बदलावी लागत नाही.

मुंबईत उतरून नाशिकलाच यायचे असेल तर?

मग विमानतळाच्या वाटेला जायचे कारणच नाही. सीएसएमटी ते नाशिकरोड १८७ किलोमीटर. जहाज सकाळी लागले, तर दुपारी एकनंतर सुटणारी नांदेड वंदे भारत सोयीची, आणि सगळे लांबले तर संध्याकाळची पंचवटी आहेच. गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एवढेही चालावे लागत नव्हते. १९१२ मध्ये सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरच्या स्थानकातूनच सुटायची. विलायतेहून बोटीने आलेले साहेब थेट गाडीत बसत आणि नाशिकवरून पुढे पेशावरपर्यंत जात.

बॅगेत काय ठेवू नये?

बहुतेक जहाजांवर शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्या थेट सकाळी धक्क्यावर मिळतात. ओळखपत्र, पासपोर्ट, औषधे आणि सकाळचे कपडे त्यात गेले, तर पंचाईत. पॉवर बँकही हाताशीच ठेवावी, कारण विमानात ती चेक-इन बॅगेत चालत नाही. मद्याच्या बाटलीचे याच्या उलट. जहाजावरच्या दुकानातून घेतलेली बाटली हातातल्या पिशवीत राहिली, तर विमानतळाच्या तपासणीत १०० मिलीचा नियम आडवा येतो.

वेब चेक-इन अनेक कंपन्यांकडे ४८ तास आधी सुरू होते. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परतणाऱ्या क्रूझसाठी ती वेळ नेमकी जहाजात चढण्याच्या रांगेत येते. तेथेच उरकून बोर्डिंग पास फोनमध्ये साठवावा. समुद्रात नेटवर्क नसते आणि जहाजावरच्या वाय-फायला सहसा पैसे पडतात. परतताना किनारा जवळ आला की फोनला रेंज येते आणि लगेच कॅब बुक करण्याचा मोह होतो. बॅग हातात आल्याशिवाय ती करू नये.

सिंगापूरहून क्रूझ करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना : जहाज परत आले की तो सिंगापूरमध्ये नव्याने प्रवेश धरला जातो. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे आणि एसजी अरायव्हल कार्ड परतीच्या तारखेसाठी पुन्हा भरावे. ते मोफत आहे आणि पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरता येते.

जहाजाला उशीर झाला आणि विमान गेले, तर पैसे कोण देणार?

क्रूझ आणि विमानाचे तिकीट वेगवेगळे काढले असेल, तर बहुधा कोणीच नाही. विमान कंपनीच्या लेखी प्रवासी 'नो-शो' ठरतो. क्रूझ कंपन्यांच्या अटींमध्येही पुढच्या प्रवासाची जबाबदारी सहसा घेतलेली नसते. त्यांच्याकडूनच विमानासह पॅकेज घेतले असेल, तर मात्र अटी वेगळ्या असू शकतात. प्रवास विमा असल्यास 'कनेक्शन चुकणे' त्यात धरले आहे का आणि किती तासांच्या उशिरानंतर, हे कलम वाचावे. एक रक्कम मात्र हक्काची आहे. डीजीसीएच्या नियमानुसार प्रवास न केलेल्या तिकिटावरील सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते. मूळ भाडे बुडाले, तरी हा परतावा कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ज्या एजंटकडून तिकीट काढले त्याच्याकडे मागता येतो.