लाइट पेटतो, हॉर्न वाजतो, मग ट्रॅक्टरचा सेल्फ का ओढत नाही?

जुलै महिना. भंडाऱ्यात पावसानं जोर धरलेला. परे रोवणीला आलेले, बांधीत पाणी साचलेलं, रोवणीच्या बाया सकाळपासून धुऱ्यावर येऊन थांबलेल्या. आता फक्त चिखलणी व्हायची बाकी आहे. ट्रॅक्टरवाला चावी फिरवतो आणि आवाज येतो, ‘टक’. पुन्हा फिरवतो, पुन्हा ‘टक’.

लाखांदूर असो, साकोली असो की मोहाडी, धानपट्ट्यात हे दृश्य नवीन नाही. मग सल्ले सुरू होतात. कुणी हेडलाइट लावून बघतो, तो लख्ख पेटतो. हॉर्नही वाजतो. म्हणजे बॅटरी ठीक, सेल्फच गेला, असा निकाल लागतो आणि सेल्फ उतरवून तालुक्याला पाठवला जातो. दिवस जातो, मजुरी अंगावर पडते. आणि बऱ्याचदा खराबी सेल्फमध्ये नसतेच.

मग नेमकं काय होतं? समजून घेऊया.

हेडलाइटची परीक्षा का फसवते?

हेडलाइटच्या एका बल्बला साधारण ५ अँपिअर करंट लागतो. सेल्फला मात्र २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त लागतो. कारण डिझेल इंजिनात हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, आणि तो दाब मोडून इंजिन फिरवायचं काम या छोट्याशा मोटरला करायचं असतं.

आता समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे आणि त्या जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा तयार झाला आहे. बल्बच्या ५ अँपिअरला तिथे ०.०५ व्होल्ट कमी होतील. डोळ्यांना फरक कळणारही नाही. पण सेल्फच्या २०० अँपिअरला त्याच जोडात २ व्होल्ट खर्ची पडतात. १२ व्होल्टच्या गाडीत २ व्होल्ट जाणं म्हणजे मोटरची ताकदच जाणं. शिवाय त्या जोडात ४०० वॅट उष्णता तयार होते. म्हणूनच तीन-चार वेळा सेल्फ मारल्यावर एखादं टर्मिनल हाताला गरम लागलं, तर दोष तिथेच आहे असं समजा.

आवाज काय सांगतो?

- टक-टक-टक असा भराभर आवाज: बॅटरी उतरली आहे किंवा जोड खराब आहे. सोलेनॉइड ओढलं जातं, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतं. हेच चक्र चालू राहतं.
- एकच जोरदार ‘टक’: सोलेनॉइड काम करतंय, पण मोटरपर्यंत पुरेसा करंट जात नाही, किंवा सेल्फचे कार्बन झिजलेत.
- काहीच आवाज नाही: चावीचा स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर किंवा क्लच-न्यूट्रलचा सेफ्टी स्विच तपासा.
- मोटर फिरते, इंजिन फिरत नाही: सेल्फचं पिनियन इंजिनच्या दातांत बसत नाही. हे मिस्त्रीचं काम.

तपासायचं कसं?

काही शे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. आधी गिअर न्यूट्रलला टाका, हँडब्रेक लावा.

पहिली पायरी, बॅटरी. ट्रॅक्टर काही तास बंद असताना मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली गेली तर आधी चार्ज करा, बाकीचं नंतर.

दुसरी पायरी, सेल्फ मारताना. एकानं सीटवर बसून चावी फिरवायची, दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बॅटरीवर मीटर धरायचा. व्होल्टेज ९.६च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ आतून जाम होऊन जास्त करंट खातोय. व्होल्टेज चांगलं टिकतंय आणि तरी सेल्फ ओढत नसेल, तर पुढे जा.

तिसरी पायरी, अर्थिंग. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब. चिखलणीत ट्रॅक्टर रोज चिखलपाण्यात असतो, त्यामुळे हा जोड गंजतो आणि रंग-मातीखाली दिसतही नाही. पॉझिटिव्ह केबलही अशीच तपासता येते, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत.

दुरुस्ती काय?

बहुतेक वेळा पान्हा, तारेचा ब्रश आणि खाण्याचा सोडा यावर काम भागतं. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. सोडा घातलेल्या पाण्यानं टर्मिनल धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, घासून चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ बिडी पेटवू नका. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी बॅटरी मारतं.

एकदा सेल्फ मारला की १० सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

स्क्रूड्रायव्हरचा जुगाड जिवावर बेततो

घाईत अनेक जण मागच्या चाकासमोर उभं राहून सेल्फचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरनं जोडतात. इंजिन लगेच सुरू होतं, पण क्लच-न्यूट्रलचा सेफ्टी स्विच यात वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो त्याच क्षणी चालू लागतो, आणि मोठं चाक समोर उभ्या माणसावरून जातं. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. अमेरिकेतल्या शेती सुरक्षेच्या पत्रकांत या प्रकाराला ‘बायपास स्टार्ट’ म्हणतात आणि तो कधीच करू नका, असं बजावलेलं असतं. सेल्फ नेहमी सीटवर बसूनच मारायचा.

हाच हिशोब १२ व्होल्टवर चालणाऱ्या प्रत्येक ताकदीच्या मोटरला लागू होतो. परदेशात राहत्या ट्रेलरला उचलणारे इलेक्ट्रिक जॅक अर्ध्यावर थांबतात, तेव्हाही आधी बॅटरी, मग अर्थिंग, मग केबल आणि शेवटी मोटर, असाच क्रम धरतात.

उन्हाळ्यात ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा राहणार असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा. आणि परे टाकाल त्याच आठवड्यात टर्मिनल आणि अर्थिंग घासून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, रोवणीच्या दिवशी ते करत बसायची वेळ येणार नाही.