ऊन घरात बसूनही लागते

एप्रिल-मे महिन्यात उष्माघाताचा वृद्ध पेशंट आणला की नातेवाईक एक वाक्य हमखास बोलतात: "पण डॉक्टर, आजी तर घराबाहेर पडलीच नव्हती!" ऊन लागणे म्हणजे डोक्यावर ऊन पडणे, असा आपला समज असतो. शेतात किंवा बांधकामावर जाणाऱ्याच्या डोक्याला आपण रुमाल बांधायला लावतो, सोबत पाण्याची बाटली देतो. टिनाच्या पत्र्याखाली खाटेवर पडून असलेल्या आजीकडे मात्र, ती घरातच आहे म्हणून, फारसे लक्ष जात नाही.

शरीराचे तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. त्वचेजवळचे रक्त उष्णता बाहेर सोडते आणि घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. आजूबाजूची हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण 35 अंशांच्या वर गेली, की घाम हाच मुख्य मार्ग उरतो. आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो. म्हणून अकोला-चंद्रपूरच्या कोरड्या 42 अंशांइतकेच किनाऱ्यावरचे 37 अंशही धोक्याचे ठरू शकतात. हवामान खातेही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान 40 आणि किनारपट्टीवर 37 अंश ही पातळी धरते, आणि सोबत नेहमीपेक्षा किती वाढ झाली तेही पाहते. एप्रिल 2023 मध्ये खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने अनेक जण दगावले. तेव्हा तिथला पारा विदर्भासारखा 45 वर गेलेला नव्हता. त्यामुळे मोबाइलवरचा आकडा पाहून निर्धास्त राहू नका.

वयस्कर माणसांना धोका जास्त का?

वय वाढले की घाम कमी येतो, तहानही कमी लागते. अंगात पाणी कमी पडले तरी आजोबा "तहान नाही" म्हणतात आणि ते खरेच सांगत असतात. दुसरे कारण घरात कोणी बोलून दाखवत नाही. गुडघे दुखतात, संडास लांब आहे, रात्री लघवीला उठायला नको, म्हणून अनेक वृद्ध मुद्दामच पाणी कमी पितात. "पाणी प्या" असे दहा वेळा सांगण्यापेक्षा खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवा, वाटेत दिवा लावा आणि दर तासाला अर्धा ग्लास स्वतः हातात द्या. लघवी गडद पिवळी दिसली किंवा सकाळपासून दुपारपर्यंत झालीच नाही, तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

हृदयविकार किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी उन्हाळ्यात किती प्यायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गोळ्यांच्या डबीत डोकावून पाहा

सूज किंवा बीपीसाठी दिलेली लघवीची गोळी शरीरातले पाणी आणि मीठ बाहेर काढते. बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे 'एच' असते, त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांत हे औषध मिसळलेले असते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या साखरेबरोबर पाणीही लघवीवाटे बाहेर टाकतात. सर्दीच्या, झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनी घाम कमी येतो. त्यात उन्हाळ्यात बीपी मुळातच थोडे उतरते. उभे राहताना चक्कर येत असेल, तर बसून आणि उभे राहून बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करावा लागू शकतो. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी बंद मात्र करू नका. जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा जेवण तुटले, तर त्याच दिवशी फोन करा.

इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. फ्रीज नसेल, तर पाणी आत जाणार नाही अशा डबीत घालून ती मातीच्या मडक्यात ठेवा.

काय प्यावे, खोली कशी थंड ठेवावी?

साधे पाणी, ताक, लिंबू-पाणी, आंबील हे सगळे चांगले. पन्ह्यात साखर किंवा गूळ भरपूर असतो, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी ते जपून घ्यावे. दुकानात रंगीत खोक्यात मिळणारे प्रत्येक गोड पेय ओआरएस नसते. 1 लिटरचे पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच कालवा. ग्लासात थोडे थोडे घालून प्यायले तर मिठाचे प्रमाण चुकते. पाकीट नसेल, तर 1 लिटर पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, अपाय नाही. पण त्याच्या भरवशावर दुपारी बाहेर पडू नका.

कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण समोरची एक खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो दमटपणाच वाढवतो. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा, कारण शॉक लागून होणारे अपघातही याच दिवसांतले. हवा 40 अंशांपुढे गेली की नुसता पंखा गरम वाराच फेकतो, तेव्हा अंगावर ओला पंचा ठेवून मगच पंखा लावा. पत्र्याला पांढरा चुना मारला की खोली कमी तापते. शक्य असेल, तर दुपारी 12 ते 4 वृद्धांना पत्र्याच्या खोलीतून खालच्या किंवा शेजारच्या थंड खोलीत हलवा.

धोका कसा ओळखायचा?

गळून जाणे, डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही सुरुवात असते. अशा वेळी सावलीत झोपवा, अंग पुसा, घोट घोट पाणी द्या. तासाभरात बरे वाटले नाही तर दवाखाना गाठा.

वागणे-बोलणे बदलले, की मात्र तो उष्माघात समजा. माणूस बरळतो, ओळख विसरतो, झोकांड्या खातो, झटका येतो किंवा हाक मारूनही जागा होत नाही. अंग तापलेले असते. आजी दुपारी जेवून झोपल्या आणि चार वाजता नीट उठत नाहीत, तर "झोपू दे, थकली असेल" म्हणू नका. अंग कोरडेच हवे असेही नाही. कष्टाचे काम करताना उष्माघात झालेला माणूस घामाने चिंब असू शकतो. थर्मामीटर शोधण्यात वेळ घालवू नका. काखेत तो कमीच दाखवतो.

108 ला फोन करा आणि गाडी येण्याची वाट न पाहता त्याच जागी अंग थंड करायला लागा. कपडे सैल करा, बादलीने अंगभर पाणी ओता, जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काख आणि जांघेत ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले, तर मेंदू, किडनी आणि लिव्हर वाचण्याची शक्यता खूप वाढते. तोच अर्धा तास अनेकदा गाडी शोधण्यात जातो.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते. त्याला कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका. हा जंतुसंसर्गाचा ताप नाही, त्या गोळीने तो उतरत नाही आणि लिव्हरवर ताण मात्र येतो. गावातच सलाईन लावून पाहू म्हणून थांबू नका. गाडीत खिडक्या उघड्या ठेवा, अंगावर ओली चादर असू द्या आणि वाटेत ती पुन्हा पुन्हा भिजवत राहा. सोबत गोळ्यांची डबी घ्या.