सोन्याहून मोलाचा हिरवा दगड

सन १९८१ च्या मार्च महिन्यात मेक्सिको शहराच्या मध्यभागी एका इमारतीसाठी खोदकाम चालू होते. जमिनीखाली काही मीटर खोलीवर एका कामगाराला चिखलात रुतलेली, किंचित वाकलेली एक पिवळी कांब सापडली. तिची लांबी सुमारे २६ सेंटिमीटर आणि वजन १.९३ किलोग्रॅम भरले. कांब सोन्याची होती! पाचशे वर्षांपूर्वी त्या जागी एक कालवा होता. मग त्या कालव्यात सोने पडले कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला अ‍ॅझटेकांच्या राजधानीत, म्हणजे तेनोच्तित्लान नगरात जावे लागेल. परंपरेप्रमाणे १३२५ मध्ये तेश्कोको सरोवरातील एका बेटावर हे नगर वसले. पुढे दोनशे वर्षांत त्याची सत्ता मध्य मेक्सिकोच्या फार मोठ्या भागावर पसरली. जिंकलेल्या प्रदेशांकडून दरवर्षी खंडणी येई. धान्य आणि कापड यांबरोबर हिरव्या मण्यांच्या माळा, पिरोजे, सोन्याच्या चकत्या आणि पक्ष्यांची रंगीत पिसे यांचाही त्या खंडणीत समावेश असे. या कच्च्या मालापासून कुशल कारागीर अलंकार घडवीत.

सोने पहिले नव्हे!

अ‍ॅझटेकांच्या नावात्ल भाषेत सोन्याला ‘तेओक्वित्लात्ल’ म्हणत. या शब्दाचा अर्थ ऐकून हसू येईल. तो आहे ‘देवाची विष्ठा’! सोने म्हणजे सूर्याने टाकलेला मळ, अशी त्यांची समजूत होती. त्यात तुच्छता मात्र नव्हती. देवाच्या शरीरातून आलेली वस्तू म्हणून ती पवित्रच होती.

तरीही मौल्यवान वस्तूंत पहिला मान सोन्याचा नव्हता. तो ‘चाल्चिवित्ल’ या हिरव्या दगडाचा, म्हणजे जेडचा होता. हिरवा रंग हा पाण्याचा, कोवळ्या मक्याचा आणि म्हणून जीवनाचा रंग. पाण्याच्या देवतेचे नावच मुळी ‘जेडचा घागरा नेसलेली’ या अर्थाचे होते. प्रतिष्ठित माणूस मरण पावला की त्याच्या तोंडात हिरवा मणी ठेवीत. तो मणी म्हणजे त्याचे हृदय. आपल्याकडे आई लेकराला ‘माझं सोनं’ म्हणते. अ‍ॅझटेक आईबाप मुलाला हिरव्या रत्नाची किंवा केत्साल पक्ष्याच्या पिसाची उपमा देत. निळा-हिरवा पिरोजा अग्निदेवाचा मानला जाई, आणि पिरोजा व वर्ष या दोहोंसाठी एकच शब्द होता.

अलंकार कोणी घालावा यालाही कडक नियम होते. सोन्याचे आणि रत्नांचे दागिने सरदारांनी किंवा पराक्रमाबद्दल मान मिळालेल्या योद्ध्यांनीच घालावेत. खालच्या ओठाखाली छिद्र पाडून त्यात घालायची खुंटी हा विशेष मानाचा दागिना. याचे कारणही समजण्याजोगे आहे. त्यांच्या राजाला ‘त्लातोआनी’ म्हणत, आणि त्याचा अर्थ ‘बोलणारा’. ज्याच्या शब्दाला वजन, त्याच्या ओठाला अलंकार! अशी एक सर्पमुखी सोन्याची खुंटी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. तिच्यातील सापाची जीभ सुटी असून ती हलते. घालणारा बोलू लागला की सापही जीभ हालवीत असणार.

मेण जाते, सोने येते

हलती जीभ घडवणारे हे सोनार काम कसे करीत? बेर्नार्दिनो दे साआगून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात स्थानिक जाणकारांच्या मदतीने बारा भागांचा एक ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या नवव्या भागात सोनार, रत्नकार आणि पिसांचे कारागीर यांच्या कामाचे वर्णन आहे.

सोनार प्रथम माती आणि कोळशाची बारीक पूड एकत्र मळून दागिन्याचा गाभा करी. गाभा वाळला की त्यावर नक्षी कोरी. मधमाश्यांच्या मेणात कोपल नावाची राळ मिसळून ते मिश्रण पापडासारखे पातळ लाटी आणि गाभ्यावर चिकटवी. राळेमुळे मेणाला कठीणपणा येतो आणि बारीक नक्षी टिकते. या मेणावर कोळशाच्या अतिशय बारीक पुडीचा लेप आणि त्यावर माती व जाड कोळसा यांचे कवच चढवीत. साचा तापवला की मेण वितळून वाहून जाई. रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेले सोने ओतीत. सोने थंड झाल्यावर साचा फोडून दागिना बाहेर काढीत. एका साच्यातून एकच दागिना होई. भारतातही मूर्तिकार प्राचीन काळापासून याच तत्त्वाने धातूच्या मूर्ती ओततात.

कोळशाची पूड कशासाठी? तिच्यामुळे साचा सच्छिद्र होतो आणि आत अडकलेली हवा निसटून जाते. नाहीतर दागिन्यात पोकळ्या राहतील.

भट्टीला भाता नव्हता. माणसे नळ्यांनी फुंकून निखारे फुलवीत. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, तर तांबे १०८५ अंशांना. पण चार भाग सोन्यात एक भाग तांबे मिसळले की ते मिश्रण सुमारे ९१० अंशांनाच वितळते! म्हणून मिश्रधातूचे ओतकाम सोपे जाई. मात्र तांब्यामुळे दागिन्यावर लालसर झाक येते. त्यावरही उपाय होता. दागिना घासून तुरटीच्या पाण्यात बुडवीत व तापवीत. मग मीठ मिसळलेल्या मातीचा लेप देत. या लेपाला ते ‘सोन्याचे औषध’ म्हणत. उष्णतेने पृष्ठभागावरील तांब्याचे ऑक्साइड बनते आणि ते तुरटीच्या आम्लधर्मी द्रावणात विरघळते. मिठामुळे चांदीही काही प्रमाणात निघून जाते. उरतो तो जवळजवळ शुद्ध सोन्याचा पिवळाधमक थर.

लोखंडाविना रत्ने

जेड हा अत्यंत चिवट दगड. काठिण्याच्या मोज श्रेणीत त्याचा अंक साडेसहा ते सात. अ‍ॅझटेकांकडे लोखंडाची हत्यारे नव्हती. मग तो कापला कसा? वाळूने! कठीण वाळू आणि पाणी घालून दगड हळूहळू घासत. छिद्र पाडण्यासाठी पोकळ वेत वाळूवर गरगर फिरवीत. प्रत्यक्ष कापण्याचे काम वेत करीत नसे, त्याखालची वाळू करी.

पिरोज्याच्या छोट्या चकत्या लाकडावर राळेने चिकटवून चित्रे करीत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील दोन तोंडांचा सर्प अशा सुमारे दोन हजार तुकड्यांचा आहे. त्याचे पांढरे दात शंखाचे आहेत. पूर्वी असे मानीत की हा पिरोजा आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागातून व्यापाराने येत असावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अ‍ॅझटेक पिरोज्यातील शिसे आणि स्ट्राँशियम यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले गेले. ते मेक्सिकोकडील खडकांशी जुळले, आणि जुना समज बाजूला पडला.

भट्टीत गेलेली कला

सन १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस स्पॅनिश सैन्य घेऊन आला. राजा मोक्तेसुमाने त्याला सोन्याचे दागिने दिले. काही हिरवे दगडही दिले आणि एकेका दगडाची किंमत सोन्याच्या दोन ओझ्यांइतकी असल्याचे सांगितले. स्पॅनिशांना दगडांत रस नव्हता. त्यांनी दागिने वितळवून कांबी केल्या. कांब मोजायला आणि वाटून घ्यायला सोपी. युरोपात पाठवलेल्या काही वस्तू १५२० मध्ये ब्रसेल्स येथे चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने पाहिल्या. तो स्वतः सोनाराचा मुलगा. इतका आनंद देणारे आयुष्यात काही पाहिले नाही, असे त्याने रोजनिशीत नोंदवले. त्या सोन्याचा आज पत्ता नाही.

३० जून १५२० च्या रात्री स्पॅनिश सैन्य नगरातून पळाले. सोन्याच्या ओझ्याने कित्येक जण पाण्यात बुडाले. बेर्नाल दिआस या सैनिकाने मात्र चार हिरवे दगड तेवढे घेतले होते. पुढे जखमांवरील उपचार आणि अन्न त्यांच्याच मोलावर मिळाले, असे त्याने लिहिले आहे.

आता ती कांब. तिच्यावर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे किरण बाहेर टाकते. त्यावरून कांब न तोडता तिच्यातील घटक कळतात. सुमारे तीन चतुर्थांश सोने, उरलेल्यात बहुतेक चांदी आणि थोडे तांबे, असे प्रमाण आढळले. ते अ‍ॅझटेक सोन्याशी जुळते. त्यामुळे ही कांब त्या रात्रीच्या पळापळीत पडलेली आहे, असे मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेने २०२० मध्ये जाहीर केले.

कांबीतले सोने आणि तांबे किती, हे क्ष-किरण सांगू शकतात. पण त्या सोन्याची पूर्वी ओठातली खुंटी होती की गळ्यातली माळ, हे कोणतेही उपकरण सांगू शकणार नाही. एकदाच ओतलेला तो साचा फुटला, आणि दागिना वितळला तेव्हा नक्षीही गेली.