नाव एक, मापे दोन : वार, खंडी आणि तोळ्याचा हिशेब

मापात पाप होते ते खोट्या काट्याने किंवा आखूड गजाने, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काटा खरा, दुकानदार इमानदार आणि तरीही गिऱ्हाइकाचा हक मारला गेला, असेही बाजारात घडते. कारण देणाऱ्याच्या मनात एक माप असते आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरे. दोघांच्या तोंडी नाव मात्र एकच असते. आज आम्ही व्यापारी व कारागीर बांधवांपुढे हाच विषय मांडत आहोत.

नाप-तोल ही आपल्या दीनमध्ये किरकोळ बाब नाही. पवित्र कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे. हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना ज्या गोष्टींबद्दल ताकीद दिली, त्यांत नाप-तोल पुरा करणे ही एक प्रमुख गोष्ट होती.

एकक कशासाठी?

कोणतीही वस्तू मोजताना दोन गोष्टी लागतात : आकडा आणि एकक. नुसते ‘दहा’ म्हटल्याने काहीच कळत नाही. दहा गज म्हटले तरी पूर्वी प्रश्न उरत असे की कोणता गज? इंग्रजी अमदानीत मुंबईचा गज २७ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा आणि बंगालचा ३६ इंचांचा होता. मणाचेही तेच. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा, तर ४० शेरांचा बंगाली मण ३७.३२ किलोचा. एका मुलखाचा मण दुसऱ्या मुलखात तिप्पट भरत असे.

हा गोंधळ साऱ्या जगात होता. म्हणून फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात पृथ्वीच्या आकारावरून मीटर ठरवला गेला. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. तिची सात मूळ एकके आहेत : लांबीसाठी मीटर, वस्तुमानासाठी किलोग्रॅम, वेळेसाठी सेकंद, विजेच्या प्रवाहासाठी अँपिअर, तापमानासाठी केल्विन, पदार्थाच्या प्रमाणासाठी मोल आणि प्रकाशाच्या तीव्रतेसाठी कँडेला. पुढे १९८३ मध्ये मीटर प्रकाशाच्या वेगाशी बांधला गेला. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिलेला नाही. तो निसर्गातील एका स्थिर संख्येशी जोडला आहे. मतलब एवढाच की माप कोणा राजाच्या किंवा सावकाराच्या मर्जीवर राहू नये.

आपल्या देशात १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने आली. सध्या २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. त्यानुसार भाव सांगणे आणि पावती करणे हे प्रमाणित एककांतच झाले पाहिजे.

वार आणि मीटर

कायदा बदलला तरी जिभेवरची नावे गेली नाहीत. कापड धंद्यातला वार म्हणजे ३६ इंच, अर्थात ०.९१४४ मीटर. नऊवारी लुगडे म्हणजे ८.२३ मीटर. त्या नावाखाली आठ मीटर कापड दिले, तर गिऱ्हाइकाला नऊ इंच कमी मिळाले. शंभर वारांचा तागा ९१.४४ मीटर भरतो.

भावातही हीच गफलत होते. एकाकडे १०० रुपये मीटर आणि दुसऱ्याकडे ९५ रुपये वार असा भाव असेल, तर दुसरा स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात तो मीटरला १०३ रुपये ८९ पैसे पडतो.

कापड किलोने घेणाऱ्यांनी पन्हाही पाहावा. एक चौरस मीटरला १०० ग्रॅम भरणारे कापड ४४ इंची पन्ह्यात १० किलोला सुमारे साडे एकोणनव्वद मीटर निघते. ५८ इंची पन्ह्यात तेच सुमारे ६८ मीटर निघते.

सुताचा नंबर

मालेगावच्या यंत्रमागांवर सुती सूत काउंटवर चालते. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका काउंट. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक होते. सुरतेच्या कृत्रिम धाग्याचे डेनिअर उलट आहे. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर; आकडा वाढला की धागा जाड. ५,३१५ ला काउंटने भागले की डेनिअर मिळते. चाळीस काउंट म्हणजे सुमारे १३३ डेनिअर. नवीन कारागिराने हा फरक पहिल्याच दिवशी समजून घ्यावा.

खंडी

आपला खानदेश कापसाचा मुलूख आहे. भडगाव-पाचोऱ्याचा शेतकरी कापूस क्विंटलने विकतो, पण रुईचा भाव खंडीत निघतो. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६२ किलोची. मुंबईच्या जुन्या वीस मणी खंडीत मात्र ५६० पौंडच होते. रुईची गाठ १७० किलोची असते. खंडीच्या भावाला ३.५५६ ने भागले की क्विंटलचा भाव कळतो. पण तो सरकी काढलेल्या रुईचा असतो, सरकीसकट कापसाचा नव्हे. हे न कळल्यास शेतकरी विनाकारण व्यापाऱ्यावर शंका घेतो.

तोळा आणि जकात

सर्वांत नाजूक बाब तोळ्याची आहे. जळगावच्या सराफ बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा. जकातीचा निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा सांगितला जातो, तो जुन्या तोळ्याने. आपल्याकडील प्रचलित हिशेबाने तो ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी होतो. बाजारच्या तोळ्याने मोजले तर चांदीचा निसाब ५२५ ग्रॅमवर येतो. सव्वासत्त्याऐंशी ग्रॅमहून अधिक फरक!

कोणी म्हणेल, जकात थोडी जास्त निघाली तर बिघडले काय? बिघडते ते गरिबाचे. एखाद्या विधवेजवळ ५५० ग्रॅम चांदी आहे, बाकी काही नाही. बाजारच्या तोळ्याने ती ५५ तोळ्यांची धनीण ठरते आणि जकात वाटणारे तिला परत पाठवतात. खऱ्या हिशेबाने तिच्याजवळ ४७ तोळ्यांच्या आसपास चांदी आहे. ती मुस्तहिक आहे. केवळ एका शब्दाच्या दोन अर्थांनी तिचा हक बुडाला. दुकानातील माल, रोकड व दागिने यांचा एकत्र हिशेब करताना ग्रॅमच धरावा आणि मसला आपल्या उलमांना विचारावा.

एवढे करा

पावतीवर आकड्यापुढे एकक लिहा : मीटर, ग्रॅम, किलो. भाव ठरवतानाच ‘वार की मीटर’ हे विचारा. मीटरपट्टी व वजने दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्या. जुनी नावे बोलण्यात खुशाल राहू द्या, हिशेबात नकोत. गिऱ्हाइकाला आपल्या दुकानात माप विचारावेच लागू नये, यातच रोजीची बरकत आहे.